लिलावातली जुनी मोटारसायकल: चेसिस आणि इंजिन नंबर कंपनीचा की मागाहून ठोकलेला?

पोवईनाका_किकर (सातारा)

राम राम मंडळी.

पुढच्या महिन्यात एका खासगी संग्रहाचा लिलाव निघालाय. जागा सांगली जिल्ह्यातच. लिलाववाल्यांचं नाव इथं लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. यादी हातात आलीय आणि तीन गाड्या नजरेत भरल्यात. पहिली बीएसए एम-२०, यादीत लिहिलंय "१९४२, मॅचिंग नंबर" (म्हणजे इंजिन आणि फ्रेम ऊर्फ चेसिस मूळ जोडीचे, असा दावा)"". दुसरी जावा २५०, "१९५८, म्हैसूर". तिसरी लष्कराच्या डिस्पोजलमधली बुलेट, तिच्यापुढं फक्त "कागदपत्र क्लिअर".

पाहणीला एकच सकाळ. हत्यार लावायचं नाही, रंग खरवडायचा नाही. विक्री "जसे आहे, जेथे आहे" तत्त्वावर.

आरएक्स १०० आणि आरडी ३५० चे भाव चढले तसे पंच (आकड्यांचे पोलादी ठसे) ठोकून गाडीला नवा जन्म देणारेही वाढले, हे इथं कुणाला सांगायला नको. कोणती घेऊ हे विचारत नाहीये. नंबर बघायचा म्हणजे डोळ्यांनी नेमकं काय बघायचं, एवढंच सांगा.

मिरज_जंक्शन

"कागदपत्र क्लिअर" म्हणजे कागद क्लिअर. गाडीबद्दल ते बिचारे काही बोललेलेच नाहीत.

डबलसायलेन्सर (कराड)

नंबराकडे जायच्या आधी घरबसल्या होणारं एक काम कर. यादीतलं साल आणि कंपनीचा इतिहास शेजारी शेजारी ठेव.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या १९६१ मध्ये. त्याआधीच्या जावा चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या. म्हणजे "१९५८, म्हैसूर" अशी गाडीच नाही. एकतर साल चुकलंय, नाहीतर म्हैसूर चुकलंय, नाहीतर यादी लिहिणाऱ्यानं दोन गाड्यांची माहिती एकत्र कालवलीय. तसंच येझदी हे नाव १९७३ चं, त्यामुळं "१९७० ची येझदी" कुणी दाखवली तर हसून पुढं जायचं. मद्रासची एन्फिल्ड इंडिया १९५५ ची. राजदूत ३५० म्हणजे आपली आरडी १९८३ ची, आरएक्स १०० १९८५ च्या शेवटची.

आता साल चुकलं म्हणजे गाडी खोटी, असं नाही. आपल्याकडं आरसी बुकात नोंदणीचं साल आणि बनावटीचं साल यांची खिचडी नेहमीची आहे. पण चूक कुठल्या बाजूला आहे ते बघ. विकणाऱ्याला फायदा होईल अशाच बाजूला साल सरकलेलं असेल तर पुढचं सगळं डोळ्यात तेल घालून बघायचं.

वाडीचा_फिटर (किर्लोस्करवाडी)

किकर, तुझा प्रश्न बरोबर आहे पण थोडा उलटा कर. लोक नंबर वाचतात. आकडे आरसीशी जुळले की खूश. अरे, आकडे तर जुळणारच. ज्यानं ठोकलेत त्यानं आरसी समोर ठेवूनच ठोकलेत. कुठंतरी गोठ्यात सडून गेलेल्या गाडीचं जुनं बुक विकत घ्यायचं, चोरीच्या किंवा बिनकागदाच्या गाडीवरचा नंबर घासायचा आणि बुकातला ठोकायचा, हाच तर धंदा आहे. तेव्हा आकडे सोड, ते ज्या धातूवर बसलेत तो धातू बघ.

माझी उमर ओतशाळेत आणि मशीन शॉपमध्ये गेली, म्हणून मला समजतं तेवढं सांगतो.

क्रँककेस, म्हणजे इंजिनचं कवच, ॲल्युमिनिअमची ओतीव असते. ओतीव धातूची मूळ कातडी वाळूच्या साच्याची असली तर खरबरीत असते. नंबर ठोकायला जी सपाट जागा ठेवतात ती बऱ्याचदा मशीनवर काढलेली असते, आणि मशीनच्या कटरच्या रेघा ठरावीक अंतरानं, एका शिस्तीत जातात. हँड ग्राइंडर फिरवला तर रेघा कमानीसारख्या वळतात आणि खोली कमीजास्त होते. कानस मारली तर आडव्यातिडव्या. पॉलिश पेपर मारला तर रेघाच दिसत नाहीत, आणि ऐंशी वर्षांच्या केसवर तेवढाच तुकडा गुळगुळीत असणं हाच पुरावा.

आता खरी मेख. रेघ वर आहे की आकडा वर आहे ते बघायचं. भिंग घे, मोबाईलचा उजेड अगदी तिरका टाक. घासल्याची रेघ आकड्याच्या काठावरून जाऊन काठ कापत असेल तर घासणं नंतरचं. कुणीतरी साफसफाई केली असेल, माफ. पण ग्राइंडरच्या रेघा आकड्याच्या खड्ड्यापाशी येऊन तुटतात, पलीकडून पुन्हा सुरू होतात आणि आकड्याचा काठ शाबूत आहे, असं दिसलं तर आधी घासलंय आणि मग ठोकलंय. कारखान्यात नंबराआधी कुणी हँड ग्राइंडर मारत नाही.

दुसरं, स्टीलची छोटी पट्टी. तिची कड नंबराच्या जागेवर उभी धर, मागून उजेड टाक. जुना नंबर घालवायला धातू काढावा लागतो, त्यामुळं मधे खोलगट होतं आणि पट्टीखालून उजेड दिसतो. पट्टी म्हणजे हत्यार नव्हे, कुणी अडवलं तर असं सांग.

तिसरं, बोट फिरव. पंच आत जातो तेव्हा धातू कुठंतरी जायला हवा; ओल्या मातीत पाय रुतला की कडेनं चिखल वर येतो तसा तो काठाला उचलला जातो. ताज्या ठोक्याचा काठ बोटाला टोचतो. पन्नास वर्षं फडकी, रॉकेल, पाऊस खाल्लेला काठ टोचत नाही.

पोवईनाका_किकर

अण्णा, हे सोनं आहे. पण रंग असेल तर? जावा यादीत "रिस्टोअर्ड" आहे, म्हणजे पावडर कोटिंग नक्की.

वाडीचा_फिटर

पावडर कोटिंगचा थर जाड. त्याखाली आकडे बुजल्यासारखे, कडा गोल झालेल्या दिसतात. ते ठीकच. उलट चकचकीत कोटिंगवर आकडे धारदार उठून दिसत असतील तर ते रंगानंतर ठोकलेत, खड्ड्याच्या काठाला रंग तडकलेला दिसेल. फ्रेम पोलादी, तेव्हा एक छोटा लोहचुंबक खिशात ठेव. आधी कोऱ्या जागी धर, मग नंबरापाशी. ओढ कमी लागली तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. इंजिनच्या केसला चुंबक चिकटतच नाही, तिथं प्रयोग करून लोकांना हसवू नकोस.

बीएसएला आणखी एक बघ. त्या काळातल्या इंग्लिश गाड्यांच्या फ्रेम लगमध्ये (पोकळ सांध्यांमध्ये) नळ्या बसवून पितळेच्या झाळेनं जोडलेल्या असत. स्टेअरिंगच्या मानेपाशी आतल्या बाजूनं, खाली वाकून बघ. तिथं आजच्या वेल्डिंगचा टाका दिसला तर दुसऱ्या गाडीचं नंबरवालं मुंडकं कापून या धडाला लावलंय. तो नंबर मात्र शंभर टक्के खरा असतो हां. फक्त गाडी ती नसते.

मिरज_जंक्शन

मुंडकं एकाचं, धड दुसऱ्याचं. गणपतीची गोष्ट आहे की गाडीची.

प्रिया_लाईन (सातारा)

अण्णांनी धातू सांगितला, मी पंच सांगतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया बनायची त्या काळातला मी.

हातानं ठोकलेल्या नंबरात लोकांना वाटतं वाकडेपणा म्हणजे खोटं. उलट आहे. जुन्या नंबरात एखादा आकडा किंचित वर, एखादा खोल, एखाद्यावर दुहेरी ठोका हे सर्रास. हातोडीचा माणूस बदलतो, पाळी बदलते. संशय घ्यायचा तो फार सरळ नंबराचा, आणि त्याहून जास्त ठिपक्या-ठिपक्यांनी किंवा लेझरनं काढलेल्या नंबराचा. १९६० च्या गाडीवर ठिपक्यांचा नंबर म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मोबाईल.

पण आकड्यांची घडण मात्र बघायचीच. प्रत्येक कारखान्याचा पंचसंच वेगळा. इंग्रजी एकला खाली पाय आहे की नुसती काठी, तीनचं डोकं सपाट की गोल, चार वरून उघडा की मिटलेला, सहा-नऊच्या शेपट्या किती आत वळलेल्या. त्याच मॉडेलच्या, त्याच काळाच्या खात्रीच्या गाडीचा फोटो मोबाईलात घेऊन जा आणि शेजारी धरून बघ. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पंचसंच एकाच छापाचा असतो, एकदा डोळ्यात बसला की लांबून ओळखू येतो.

सगळा नंबर घासणं कष्टाचं, म्हणून आळशी लोक एखादाच आकडा बदलतात. तीनचा आठ, एकचा चार, सहाचा आठ, शून्याचा आठ. त्यामुळं नंबरात आठ दिसला की माझी नजर आधी तिथं जाते. त्या आठाची डावी बाजू उजवीपेक्षा उथळ किंवा धारदार आहे का बघ.

आणि पेन्सिलचा छाप घे. आरटीओला फॉर्मवर देतो तसाच. पातळ कागद, मऊ पेन्सिल. त्याला कुणी हरकत घ्यायचं कारण नाही, रंगाला धक्का लागत नाही. घरी येऊन निवांत बघता येतं. नंबरात एकच आकडा दोनदा असेल तर दोन्ही छाप जुळतात का, पंचाच्या टवक्याची खूण दोन्हीकडं आहे का, हे छापावरच कळतं, डोळ्यांना नाही.

गलाईवाला_विटा

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, तेजाबाशी रोजचा संबंध, म्हणून हात आवरत नाही. घासलेला नंबर परत दिसतो, हे किती जणांना माहीत आहे?

पंच बसतो तेव्हा खड्ड्याच्या तळाखालचा धातूही दाबला जातो. वरून आकडा घासून टाकला तरी खालचा दाबलेला थर राहतो, आणि आम्ल लावलं की तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगानं खाल्ला जातो. आकडा उमटतो. पोलादावर तांब्याचा क्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण वापरतात, ॲल्युमिनिअमला निराळी रसायनं. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत हेच करतात आणि त्या क्षणी फोटो काढतात, कारण उमटलेलं पुन्हा फिकं होतं. खोलवर घासलं असेल, म्हणजे दाबलेला थरच काढून टाकला असेल, तर मात्र काही मिळत नाही.

हे घरी करायचं नाही. एक तर ती पुराव्याची नासाडी, आणि लिलावात दुसऱ्याच्या गाडीला आम्ल लावलंस तर बोली लागायच्या आधी तुझीच वरात निघेल.

कृष्णाकाठ (सांगली)

एक आपल्याकडचा मुद्दा राहिला. २०१९ चा पूर, मग २०२१ चा. कितीतरी गाड्या दिवसचे दिवस पाण्याखाली होत्या. त्यांतल्या बऱ्याच स्वस्तात विकल्या गेल्या आणि आता "खेडेगावातून शोधून काढलेल्या" म्हणून बाहेर येताहेत. अशा गाडीच्या ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी, बारीक खड्डे असतात आणि नंबर अर्धवट खाल्लेला असू शकतो. म्हणून "नंबर नीट वाचता येत नाही म्हणजे लबाडी" असं म्हणू नका. गंज आकडा बघून खात नाही. खड्डे आकड्यांवर, आकड्यांमध्ये आणि शेजारी सगळीकडं सारखे हवेत. शेजारची केस खड्ड्यांनी भरलेली आणि नंबराचा चौकोन तेवढा साफ, किंवा चौकोन गंजका आणि शेजार साफ, दोन्ही वाईट.

पुराची गाडी असल्याचं विकणारा स्वतःहून सांगत असेल तर मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

ईएमई_हवालदार (अपशिंगे)

बीएसएबद्दल कुणीच बोललं नाही अजून. यादीत "मॅचिंग नंबर" लिहिलंय, हीच माझ्या मते सगळ्यात मोठी घंटा आहे.

एम-२० ही ४९६ सीसीची साइड व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. लष्करी गाडीच्या नंबराआधी डब्ल्यूएम-२० अशी अक्षरं येतात. आणि या गाड्यांचा इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे निघायचे. दोन स्वतंत्र मालिका. त्यामुळं एम-२० च्या दोन्ही नंबरांचे आकडे सारखेच असतील, तर ते कारखान्यात जुळलेले नाहीत. नंतर कुणीतरी जुळवलेत.

शिवाय लष्करी वर्कशॉपात इंजिन बदलणं म्हणजे रोजचं काम. इंजिन उतरवायचं, दुरुस्तीला पाठवायचं, तयार असलेलं दुसरं चढवायचं. गाडी त्याच दिवशी रांगेत. युद्धातून गेलेल्या गाडीचं मूळ इंजिन मूळ फ्रेममध्येच असेल ही आशा धरू नये. न जुळणारी एम-२० प्रामाणिक असू शकते.

बुलेटचं म्हणशील तर डिस्पोजलचा मूळ कागद माग, झेरॉक्स नको. त्यात गाडी वापरण्याजोगी म्हणून विकलीय की भंगार म्हणून, ते एका शब्दात असतं. भंगार म्हणून गेलेली गाडी रस्त्यावर आणायची नसते. पण त्या पावतीवर छापील मोहोर असते, आणि लोक ती पावती दुसऱ्याच गाडीला चिकटवतात. पोलिसांच्या बेवारस गाड्यांच्या लिलावाच्या पावत्यांचंही तेच.

रिस्टो_राजा (कोल्हापूर)

एवढा बाऊ कशाला करताय? मी स्वतः गाड्या रिस्टोअर करतो. गिऱ्हाईकालाच मॅचिंग पाहिजे असतं. गाडी त्याचीच, केस फुटली, नवी कोरी केस मिळाली, तिच्यावर जुना नंबर ठोकला. यात चोरी कुठं आली?

कोर्टाची_पायरी (सांगली)

राजे, कोऱ्या केसवर नंबर घेणं हा गुन्हा आहे असं कुणी म्हणत नाही. कंपन्या सुटे भाग म्हणून बिननंबराच्या केस देतच होत्या. पण आरटीओला कळवून, लेखी परवानगीनं, आणि आरसीत नोंद करून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख तोच आहे: आरसीतला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असं काही परस्पर करायचं नाही. नोंद असली की तो बदल गाडीच्या इतिहासाचा भाग होतो. नोंद नसली आणि "ओरिजिनल मॅचिंग" म्हणून जास्त भाव घेतला की ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. खोटा कागद जोडला तर त्यापुढची कलमं.

किकर, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. लिलावात घेतलं म्हणजे मालकी पक्की, हा गैरसमज आहे. वस्तुविक्री कायदा १९३०, कलम २७: विकणाऱ्याकडं जेवढा हक्क आहे त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. गाडी चोरीची निघाली तर मूळ मालक ती तुमच्या ओसरीवरून उचलून नेऊ शकतो, तुम्ही पैसे कितीही मोजलेले असोत. "जसे आहे" या अटीनं इंजिन जाम असल्याची तक्रार बंद होते. विकायचा हक्कच नव्हता ही तक्रार सहसा बंद होत नाही, कलम १४ बघा. पण त्यासाठी माझ्यासारख्याची फी भरावी लागते, म्हणून आधीच नीट बघा. आणि नंबर संशयास्पद आहे हे कळूनही घेतलीत तर न्याय संहितेचं कलम ३१७ (चोरीचा माल घेणं) तुमच्याही दारात येतं. या धाग्यावर एवढं वाचल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

रिस्टो_राजा (कोल्हापूर)

नोंद करायला गेलं की चकरा किती मारायला लावतात ते पण लिहा की साहेब.

कोर्टाची_पायरी (सांगली)

लावतात. मान्य. तरी करा.

जिन्याखालची_बॉनी (कोल्हापूर)

थोडं अवांतर, पण इंग्लिश गाड्यांवर नजर असणाऱ्यांच्या कामाचं. ट्रायम्फनं १९६९ पासून इंजिनच्या नंबराच्या जागेवर स्वतःचं नाव बारीक अक्षरांत, पुन्हा पुन्हा, पार्श्वभूमीसारखं उमटवायला सुरुवात केली. नंबर त्याच्यावर. घासलं की नाव जातं. तेव्हा १९७० ची बॉनव्हिल आणि नंबराखालची जागा कोरी, की पुढं निघायचं.

त्याच साली नंबराआधी दोन अक्षरं आली. पहिलं महिन्याचं: जानेवारीपासून ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी आणि डिसेंबरला एक्स. दुसरं वर्षाचं: सी म्हणजे १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३. मध्ये एफ नाही, आय नाही. मला एकानं "एफडी" नं सुरू होणारा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला होता, किंमत ऐकून घाम फुटेल अशी. असा महिनाच नाही म्हटल्यावर फोटो डिलीट करून टाकला पठ्ठ्यानं. फक्त वर्षाचं अक्षर कॅलेंडरचं नसून मॉडेलच्या हंगामाचं, आणि हंगाम ऑगस्टला सुरू. म्हणून "पीडी" म्हणजे नोव्हेंबर १९६९. यावरून खऱ्या गाडीला खोटं ठरवू नका.

इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडं बऱ्याच कंपन्यांच्या कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. नंबर कळवून, फी भरून गाडी कोणत्या साली निघाली ते विचारता येतं. बोली मोठी असेल तर तेवढा खर्च परवडतो.

पोवईनाका_किकर

पाहणी झाली. जसं दिसलं तसं लिहितो.

बीएसए. दोन्ही नंबरांचे आकडे सारखे, पुढं डब्ल्यूएम-२०. केसवरची नंबराची जागा हाताला गुळगुळीत, आजूबाजूची केस खरबरीत. पट्टी उभी धरली, मागून टॉर्च: मधोमध उजेडाची स्पष्ट फट. रेघा वळलेल्या, आणि आकड्यांच्या काठाशी येऊन तुटलेल्या, अण्णा म्हणाले अगदी तशाच. मग प्रिया_लाईन काकांच्या सांगण्यावरून दोन्हींचे पेन्सिलचे छाप घेतले. घरी येऊन शेजारी ठेवले. नंबरात सात आहे. त्या साताच्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला खाली एक टवका उडालाय. इंजिनवरच्या सातालाही, फ्रेमवरच्या सातालाही. तोच टवका, त्याच जागी.

प्रिया_लाईन (सातारा)

झालं मग. इंजिन आणि फ्रेम बनणार वेगवेगळ्या शॉपमध्ये, ठोकणारे हात वेगळे, पंच वेगळे. एकाच मोडक्या पंचानं दोन्ही ठोकले म्हणजे एका माणसानं एका बैठकीत ठोकले. पाच रुपयांचा चहा पीत.

मिरज_जंक्शन

काका, चहा आता दहा रुपये.

पोवईनाका_किकर

बुलेट. मूळ कागद मागितला तर आधी "आणून देतो", मग एक जुनी घडी पडलेली पावती आली. हवालदारसाहेब, तुम्ही म्हणालात तो शब्द तिथं आहे: "स्क्रॅप". मी विचारलं, मग हिची नोंदणी कशी झाली? उत्तर मिळालं, "ऑनलाइन दिसते की, ॲपवर बघा." ॲपवर दिसते खरी, पण तिथं चेसिस नंबरचे आकडे झाकलेले असतात, सगळा नंबर ताडताच येत नाही. तिला हात जोडले.

जावा. ही मात्र बरी वाटली. मानेवरची ॲल्युमिनिअमची प्लेट नवी आहे, रिव्हेटही नवे. तशी प्लेट बाजारात मिळते, म्हणून तिच्याकडं बघितलंच नाही. फ्रेमवर ठोकलेला नंबर कोटिंगखाली बुजलेला, कडा गोल, चुंबक सगळीकडं सारखा. इंजिनच्या नंबरावर कोटिंग नाही. खड्ड्यांच्या तळाशी काळं तेलकट मळ, एका आकड्यावर दुहेरी ठोका. बुकात नोंदणी १९६४ ची. म्हणजे १९५८ ही यादी लिहिणाऱ्याची करामत. त्याला विचारलं तर म्हणाला, "जुनी आहे म्हटल्यावर लिहिलं."

डबलसायलेन्सर (कराड)

१९६४ असेल तर म्हैसूरची बरोबर बसते. घे. आणि पन्नास वर्षांच्या पुढची, मूळ रूपातली आहे, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणं व्हिंटेज नोंदणीही करता येईल, व्हीए मालिकेचा नंबर. नव्या नोंदणीला वीस हजार फी, दहा वर्षं मुदत, पुढं पाच हजार. पण मग ती रोज दूध आणायला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मी तरी जुना तीन अक्षरी नंबर चालू असेल तर तोच ठेवीन.

कोर्टाची_पायरी (सांगली)

बोली लावायच्या आधी बुक कुणाच्या नावावर आहे ते बघितलंत का? लिलाव म्हटल्यावर लोक फॉर्म ३२ घेऊन आरटीओत जातात. तो सरकारी लिलावासाठी आहे. खासगी संग्रहाच्या विक्रीला मालकी बदलाचे नेहमीचेच फॉर्म २९ आणि ३०, आणि त्यावर मालकाची सही लागते. लिलाववाल्याची नाही.

पोवईनाका_किकर

बघितलं. ज्यांचा संग्रह त्यांच्याच नावावर आहे, पण ते वारलेत. तीन मुलं. एक सांगलीत, एक पुण्यात, एक दुबईत.

कोर्टाची_पायरी (सांगली)

मग आधी फॉर्म ३१, वारसाच्या नावावर गाडी चढू दे. बाकी दोघांची ना-हरकत लेखी. ते होईपर्यंत अनामतीच्या पलीकडं एक रुपया सोडू नका, आणि हे लिलाववाल्यांकडून ईमेलवर लिहून घ्या.

पोवईनाका_किकर

पुण्यातला मुलगा पाहणीलाच भेटला होता. फोन नंबर घेतलाय, उद्या बोलतो.

मिरज_जंक्शन

तो तरी नंबर खरा आहे का बघ.